एकही गोळी चुकली नाही

शाळेत तिला सगळे तराजू म्हणत. नाव मुलांनी ठेवलं होतं, पण त्याला कारण मी दिलं.

मी तेव्हा सातवीला गणित आणि विज्ञान शिकवत होते. मधल्या सुट्टीत मुलांना शाळेकडून पाव आणि दूध मिळायचं, आणि रांगेत शेवटी उभं राहणाऱ्यांना पाव लहान मिळतो अशी रोजची कुरकुर असायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "कुरकुर नको, मोजून दाखवा." मला वाटलं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी ही मुलगी दप्तरात पत्रं तोलायचा लहानसा काटा घेऊन आली. वडील पोस्टात होते. एकोणीस दिवस तिने रांगेच्या पुढच्या दहा आणि मागच्या दहा मुलांचे पाव तोलले आणि आखीव कागदावर तक्ता करून माझ्या टेबलावर ठेवला. मागच्यांना जवळजवळ एक तृतीयांश कमी मिळत होतं. तक्त्यात एकही खाडाखोड नव्हती. मी तो मोठ्या कौतुकाने मुख्याध्यापकांकडे नेला. पाव वाटणाऱ्या बाईंना आठवड्याच्या आत कामावरून काढलं. त्यांची मुलगी आमच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. सोमवारपासून ती यायची बंद झाली.

तराजूने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, पण आकडे बरोबर होते ना?"

"बरोबर होते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तिचा भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तोही माझ्या हाताखालून गेला. आवाज असा की प्रार्थनेला तो गप्प असला तरच इतरांचं ऐकू यायचं. म्हणून त्याचं नाव भोंगा. एका परीक्षेत त्याने तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'याचं उत्तर माझ्या ताईला येतं.' मी शून्य दिलं, पण तो पेपर अनेक वर्षं जपून ठेवला होता. ताई शिकत गेली, भोंगा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक झाला. तिच्या हातात शिसपेन्सिल, याच्या हातात पाना आणि सिगारेट. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

ती एका संशोधन संस्थेत लागली. माणसं काय खातात आणि त्यांना पुढे कर्करोग होतो की नाही, याचा शोध घेणं हे तिचं काम. मी तिची खोली पाहिली आहे. तीन खिडक्या, पत्र्याची कपाटं, आणि तळघरात रक्ताच्या नळ्या ठेवायचे मोठे फ्रीझर, त्यांची घरघर वर तिच्या टेबलापर्यंत यायची. टेबलावर एकात एक बसणाऱ्या सात वाट्या, लाकडाचं गाजर, लाकडाचा पावाचा तुकडा. समोरच्याने सांगायचं, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं, आणि वाटीवर बोट ठेवून दाखवायचं, किती.

"बाई, माणसं खून कबूल करतील, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं कबूल करत नाहीत," ती म्हणायची. लोक जे खाल्लं ते सांगत नाहीत, जे खायला हवं होतं ते सांगतात. सगळेच पालेभाजी खातात, साखर कुणीच खात नाही. अशा वेळी ती ओरडायची नाही, टोकायची नाही. नुसतं "आणि मग?" म्हणायची आणि थांबायची. त्या थांबण्यात मोठमोठी माणसं कपाटातला बिस्किटांचा डबा काढून देत. भोंगा म्हणायचा, "हिच्यासमोर जेवणं म्हणजे पोलीस चौकीत जबाब देणं."

पंधरा वर्षं तिने अशा हजारो जबान्या घेतल्या, रक्त तपासलं, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. गाजर, भोपळा, हिरव्या पालेभाज्या ज्यांच्या पोटात जास्त जात, त्यांच्या रक्तात एक पिवळं द्रव्य जास्त सापडे, आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होई. सिगारेट ओढणाऱ्यांतसुद्धा. मग हेच द्रव्य गोळीत भरून दिलं तर? भाजी खा म्हणून सांगून कोण ऐकतं? गोळी मात्र माणूस घेतो.

अभ्यास ठरला. सिगारेट ओढणारे सहा हजार पुरुष. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली, म्हणजे डमी. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार आणि बंद पाकिटांत राहणार. पाकिटं आकडेमास्तरांच्या कपाटात. आकडेमास्तर म्हणजे संस्थेचे संख्याशास्त्रज्ञ, बारीक आवाजाचे, पेन्सिलीला टोक काढताना बोलणारे. गोळी घेणाऱ्यालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. तीन महिन्यांना एक डबी, डबीवर फक्त नंबर.

यात एक अडचण होती. हे पिवळं द्रव्य रोज पोटात गेलं की काही महिन्यांत तळहात पिवळसर होतात. हात दिसला की गोळी ओळखता येणार. तराजूने यावर तोडगा काढला. तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाने दारातच पांढरे सुती हातमोजे घालायचे. वजन, प्रश्न, डबी घेणं, सगळं हातमोजे घालून. तिच्या माणसांना तिने बजावलं होतं, कुणाच्याही उघड्या हाताकडे बघायचं नाही, रस्त्यात भेटला तरीसुद्धा.

माणसं पुरेनात तेव्हा भोंगा मदतीला आला. वर्कशॉपमधले बावन्न जण त्याने एका आठवड्यात आणले. रांगेत उभा राहून सगळ्यांना हातमोजे वाटत होता.

"काय रे, चोरी करायला निघालोय की ऑपरेशन करायला?" एकाने विचारलं.

"ताईचा हुकूम आहे. हात दाखवून अवलक्षण नको," भोंगा म्हणाला. "आणि खोटं बोलू नका हं. मी लहानपणी गूळ चोरला, तो हिने तोंड न उघडता ओळखला. डबा तोलून."

स्वतः तोही नाव नोंदवून आला होता. रोज वीस सिगारेटी, सोळाव्या वर्षापासून. त्या रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "वन्सं, यांना खरी गोळी द्या हं."

"माझ्या हातात नाही ते. चिठ्ठीवर आहे."

"वा! बाहेरच्यांना चिठ्ठी ठीक आहे. सख्ख्या भावाला पण चिठ्ठी?"

"अगं, ती तराजू आहे," भोंगा तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "तराजूला भाऊ नसतो."

सगळे हसले. तीही हसली. पुढे जे झालं ते तिने मला निवृत्तीनंतर, माझ्या घरी बसून, दोन दुपारींत सांगितलं. भोंग्याचं हे वाक्य तिने दोन्ही दुपारी सांगितलं.

वर्षभर ती नियमाने वागली. मग एक दिवस त्याच्या घरी जेवताना त्याने पावाची ताटली पुढे केली, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्याचा उघडा तळहात आला. घरात हातमोजे कुठले? रेषांत ग्रीस बसलेलं होतं, बाकी हात तिच्या हातासारखाच गोरा. पिवळेपणाचा मागमूस नाही. वर्षभर त्याच्या पोटात डमी जात होती. तिने पाव घेतला आणि म्हणाली, "मीठ दे." तिला मीठ नको होतं.

मनाशी ती म्हणाली, नियम म्हणजे नियम. अकरा दिवस म्हणाली.

बाराव्या दिवशी एक वेल्डर तिच्या खोलीत हातमोज्यांशिवाय शिरला. दोन्ही हात तिच्या टेबलावर, वाट्यांच्या शेजारी, उपडे-उताणे करून दाखवत म्हणाला, "बघा, बघा हे! बायको म्हणते कावीळ झाली. मला नको तुमचा अभ्यास." तळहात हळदीने माखल्यासारखे. तिने त्याला समजावलं, त्याने ऐकलं नाही, सही करून निघून गेला. त्याच्या नंबरच्या बारा डब्या, तीन वर्षांच्या, भांडारात तयार होत्या. नियमाप्रमाणे त्या दोन सह्यांनिशी नष्ट करायच्या. एक सही तिची. दुसरी भांडारातल्या कारकुनाची, आणि तिची सही खाली असेल तर तो कागद वाचतसुद्धा नसे. इतकी तिची पत होती. ती पत तिने तीस सेकंदांत वापरली.

डब्या तिने घरी नेल्या. वाफ दाखवून वेल्डरचा नंबर सोडवला, भोंग्याचा चिकटवला. कडेला डिंक आला तो ओल्या कापसाने पुसला. तिच्या हातून वाकडं काही चिकटत नसे. आणि पुढच्या तपासणीला डब्या वाटायच्या खिडकीवर बसून आपल्या भावाची डबी तिने स्वतःच्या हाताने दिली.

"आज मोठ्या शास्त्रज्ञ खिडकीवर?" भोंगा म्हणाला.

"एकही चुकवू नकोस."

"तू दिलेली? जेवायचं विसरेन, ही नाही."

सात-आठ महिन्यांत त्याचे तळहात पिवळे झाले. त्याच्या बायकोला वाटलं, सिगारेटचा डाग. ती लिंबाची फोड घेऊन त्याचे हात घासायची. "निघत कसा नाही हो हा पिवळेपणा?" हे ऐकून तराजू उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. "आनंदाने, बाई," तिने मला सांगितलं. "आयुष्यात तेवढा आनंद मला एकाही शोधनिबंधाने दिला नाही."

पाचव्या वर्षी आकडेमास्तरांनी नियमाप्रमाणे पाकिटं उघडून मधली मोजणी केली. बैठकीत ते पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "एका गटात रोग जास्त आहे. बराच जास्त."

"डमीच्या," ती म्हणाली.

"गोळीच्या."

"तुम्ही उलटं वाचताय."

"तीनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं."

भाजीत जे तारक दिसत होतं, ते गोळीत कोंबून सिगारेटच्या धुराबरोबर दिलं तर मारक ठरत होतं. का, ते तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. बहुधा भाजीतलं चांगलं काही वेगळंच होतं आणि पिवळं द्रव्य नुसतं त्याच्याबरोबर फिरत होतं. पंधरा वर्षं तिने चुकीच्या माणसाला शाबासकी दिली होती. दहा दिवसांत अभ्यास बंद झाला. भोंग्याच्या बारा डब्यांपैकी शेवटची संपायला आली होती. ती तिने घरी जाऊन काढून घेतली. त्यात नऊ गोळ्या होत्या, जितक्या असायला हव्या होत्या तितक्याच.

मग प्रत्येकाला संस्थेचं पत्र गेलं, तुम्ही कुठल्या गटात होतात ते सांगणारं. भोंग्याने ते जेवणाच्या टेबलाशी उभं राहून, त्याच्या त्या आवाजात, मोठ्याने वाचलं. 'आपणास डमी गोळी देण्यात आली होती. आपणास कोणताही वाढीव धोका नाही.'

"म्हणजे चार वर्षं मला पीठ चारलंस, ताई! आणि मी पाणी घेऊन गिळत होतो, श्रद्धेने!"

"देवाने वाचवलं," बायको म्हणाली. "वन्सं, मी तेव्हा तुम्हाला टोचून बोलले. तुमची ती चिठ्ठीच बरी म्हणायची." आणि तिने तराजूच्या ताटात आणखी वाढलं.

ती वेळ होती सांगायची. पण ते दोघं हसत होते, पत्र टेबलावर होतं, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर संस्थेच्या कागदपत्रांप्रमाणे खरं होतं. ती ताटातलं सगळं जेवली. बायकोने ते पत्र नीट घडी घालून घराच्या कागदांबरोबर कपाटात ठेवलं.

दोन वर्षांनी भोंग्याला खोकला सुरू झाला. आधी तो खोकला गमतीत घेतला गेला, आवाज मोठा म्हणून खोकलाही मोठा. मग फोटो काढले, आणि डाव्या फुप्फुसात ते दिसलं. तोवर पसरलं होतं.

भोंग्याने ते त्याच्या पद्धतीने घेतलं. डॉक्टरांना ते पत्र दाखवायचा. "हे बघा, डॉक्टर, सरकारी कागद आहे. मी पिठाच्या गटातला. माझ्या रोगात कुणाची भागीदारी नाही. स्वतः ओढली, स्वतः कमावला." मी भेटायला गेले तेव्हा मलाही म्हणाला, "बाई, याचं उत्तर मात्र ताईला विचारावं लागलं नाही. मला येत होतं." आणि खरंच, त्यात त्याला एक प्रकारचा ताठपणा होता. बायकोला तो म्हणे, रडतेस कशाला, उधारीवर नाही ओढली, एकेक झुरका मजेत ओढलाय.

तराजू आकडेमास्तरांकडे गेली. दार लावून सगळं सांगितलं. वेल्डर, वाफ, डिंक. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"लिहून द्या," ते म्हणाले.

"देते. त्याचा आकडा दुरुस्त करा. तो गोळीच्या गटात हवा."

"नाही येणार. वाटणीत जो जिथे पडला, तो तिथेच मोजायचा. मग त्याने प्रत्यक्ष काहीही घेतलेलं असो. हे नव्या लोकांना तुम्हीच शिकवता."

"पण त्याने खरी घेतली!"

"तुमचा भाऊ डमीकडे मोजला जाणार." मग त्यांनी अगदी सावकाश, गणित समजावल्यासारखं सांगितलं. आणि मला वाटतं, त्यांना दुखवायचं नव्हतं, हिशेब तसाच होता. "म्हणजे डमीच्या बाजूला एक वाढला. तुमच्या भावामुळे ती गोळी एका माणसाने कमी वाईट दिसणार."

तिचा कबुलीजबाब समितीसमोर गेला. तिला शिक्षा करायलाही कुणी मोकळं नव्हतं. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर गोळ्या विकणाऱ्यांनी म्हटलं असतं, अभ्यासच नासका होता, आमची गोळी निर्दोष आहे. आणि ती पुन्हा दुकानात आली असती. म्हणून कागद एका फायलीत गेला, फाइल कपाटात, आणि तराजू मागच्या इमारतीत. तिथे भाज्या तोलायच्या, भट्टीत वाळवायच्या, पुन्हा तोलायच्या, आणि किती पाणी गेलं ते लिहायचं. निवृत्तीपर्यंत तिने हेच केलं. काकडीत पाणी किती असतं, ते या शहरात तिच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नसेल.

राहिला होता भोंगा. त्याला सांगायचं की नाही?

तिने महिनाभर विचार केला. शेवटी तिला वाटलं, त्याचं शरीर, त्याचा रोग, त्याला खरं कळायला हवं. लहानपणापासून तिचा तोच एक धर्म होता. एका दुपारी बायको औषधं आणायला बाहेर गेली असताना ती त्याच्या पलंगाशी बसली. बोलायची वाक्यं तिने पाठ केली होती. चार होती. तिने ती न अडखळता म्हटली.

भोंग्याचा आवाज तोवर बसला होता. कान जवळ न्यावा लागे.

"वेल्डरच्या गोळ्या?"

"हो."

"त्यांच्यामुळे झालं?"

"ते नाही सांगता येणार. हजार जणांचं सांगता येतं, किती वाढतील ते. एकाचं नाही येत. तुझं सिगारेटनेही झालं असेल. गोळी नसती तरी झालं असतं, असंही असेल."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुला खरं कळावं म्हणून."

"मला?" तो हसायला गेला आणि खोकला आला. ती पाण्याचा पेला पुढे करत होती, त्याने तो हाताने बाजूला सारला. "मला, की तुझ्या पोटात राहीना म्हणून? ताई, लोकांना 'आणि मग? आणि मग?' करून ओकायला लावायचीस. आज तू माझ्या अंगावर ओकलीस."

तिने पेला खाली ठेवला.

"मी माझ्या हाताने मरत होतो. बरं चाललं होतं माझं," तो म्हणाला. "तेवढं एक माझं होतं. तेही तूच वाढलंस मला. मोजून."

"माझं चुकलं रे."

"माझे हात घासायची ती. लिंबाने. तू समोर बसून बघायचीस." बराच वेळ तो श्वास गोळा करत राहिला. "पुन्हा येऊ नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाही. आणि हिला सांगशील तर बघ. मी गेल्यावर हिला तुझ्याशिवाय आहे कोण?"

इतकं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं. बायको औषधं घेऊन आली तेव्हा तराजू दारात चप्पल घालत होती. "लगेच निघालात, वन्सं?"

"काम आहे," ती म्हणाली.

त्यानंतर भोंगा तेवीस दिवस होता. ती गेली नाही. रोज संध्याकाळी कामावरून सुटली की त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायची, औषधाच्या दुकानापाशी थांबायची, आणि परत फिरायची. वहिनीचे फोन यायचे. आधी काळजीचे, मग रडवेले, मग कडू. "तिकडे काकड्या वाळवायला वेळ आहे, भाऊ वाळतोय तो बघायला नाही?" एकदा वहिनी म्हणाली, "ते दाराकडे बघत असतात हो." हे खरं होतं, की वहिनीने तिला आणायला रचलं होतं, ते तराजूला कधी कळलं नाही. मला विचाराल तर मलाही ठरवता येत नाही. दोन्ही मुलं माझ्या हाताखालची. दोघंही सारखी हट्टी.

तो मंगळवारी सकाळी गेला. आलेल्या लोकांत ती मागे उभी होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही. वर्कशॉपमधले लोक बरेच होते, बावन्नांपैकी उरलेले.

अभ्यास बंद झाला असला तरी मोजणी चालू होती. सहभागी माणूस गेला की चाळीस दिवसांच्या आत घरी जाऊन एक अर्ज भरून घ्यायचा, हा नियम. दोन जणांची जबानी हवी. एक, माणसाबरोबर एका घरात राहिलेलं. दुसरं, रक्ताच्या नात्याचं, कारण लहानपणची दुखणी बायकोला माहीत नसतात, भावंडांना असतात. संस्थेच्या सगळ्याच अभ्यासांसाठी हा नियम वीस वर्षांपूर्वी तराजूने लिहिला होता, आणि त्याचं तेव्हा फार कौतुक झालं होतं.

चाळिसाव्या दिवशी तिला जावंच लागलं. अर्ज घेऊन आली होती ती चष्मेवाली मुलगी तिनेच तयार केलेली. तिने मान खाली घालून टेबलावर सात वाट्या मांडल्या, लाकडाचं गाजर ठेवलं. तिला फायलीतलं काही माहीत नव्हतं. आपल्या बाईंच्या घरचं दुःख, एवढंच माहीत होतं.

"बसा, वन्सं," वहिनी म्हणाली. "ऑफिसचं काम निघालं म्हणून तरी पाय लागले."

प्रश्न सुरू झाले. आजारी पडण्याआधी भाजी किती खात. वहिनीने दुसऱ्या वाटीवर बोट ठेवलं. तराजूला ठाऊक होतं, पहिली. ती काही बोलली नाही. लहानपणी गोवर? "हो, पाचव्या वर्षी." छातीचं काही? "नाही. आवाज चांगला होता." सिगारेटी किती? वहिनी म्हणाली, "दहा." मग तराजूकडे बघून म्हणाली, "वीस."

चष्मेवालीने पान उलटलं. "अभ्यासातल्या गोळ्या नियमित घेत होते का? साधारण किती चुकल्या असतील?"

"एकही नाही," वहिनी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. "एकही चुकली नाही हो. तापात असले तरी. पेला रिकामा करून दाखवायचे मला. म्हणायचे, ही ताईने स्वतः खिडकीवर बसून दिलीय. पीठ का असेना, तिच्या हातचं आहे."

चष्मेवालीने शून्य लिहिलं. मग अर्ज फिरवून सहीसाठी पुढे सरकवला. वहिनीने सही केली. अर्ज तराजूपुढे आला. सगळ्यात वर, टाइप केलेला भोंग्याचा नंबर, त्यापुढे 'गट : डमी'. सगळ्यात खाली, तिनेच कधीतरी रचलेलं वाक्य, 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' त्याखाली 'रक्ताचं नातं', आणि रिकामी रेघ.

पेन उघडून ती तशीच बसली. चष्मेवाली थांबली होती. तसं थांबायला तिला तराजूनेच शिकवलं होतं.

"करा की सही," वहिनी म्हणाली. "काय बघताय एवढं? आकडे बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत," तराजू म्हणाली, आणि तिने सही केली.